४०२ चा फिश टँक कलला आहे, कृपया लक्ष द्यावे

३०२ काकू: नमस्कार मंडळी. काल सह्या घ्यायला ४०२ मध्ये गेले होते. टाकीतलं पाणी डावीकडे काठाला टेकायला आलंय आणि उजवीकडे खाली दिसतंय. ती टाकी बरोब्बर माझ्या बेडरूमच्या वर आहे. मागच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेलच.

४०२: काकू, मागच्या वेळची गळती ड्रेनेज पाईपची होती, टाकीची नव्हे. मिनिट्समध्ये तसं लिहिलंय.

३०२ काकू: टाकीची होती असं मी म्हटलंच नाही. भिजलं माझंच छत ना?

सेक्रेटरी: जुना विषय नको, विनंती. ४०२, बघून कळवा.

२०३: पाणी कधी तिरकं नसतं काकू. बिल्डिंग कलली असेल.

३०२ काकू: तुमच्या डोक्यावर चारशे लिटर ठेवले की मग करा विनोद.

५०१ काका: टाकी भरलेली असताना स्टँडखाली काहीही ठोकू नका. आधी पाणी काढा, मग पाचर.

४०२: काका, अजून कोणी काही ठोकत नाहीये.

६०१: एवढं काय त्यात. ज्या बाजूला खाली गेलीय तिथे टाकीखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायची. पाच मिनिटांचं काम.

५०१ काका: पुठ्ठा ओला झाला की लगदा होतो. आणि पाचर टाकीखाली नाही, स्टँडखाली. काच एका ठिपक्यावर टेकली की तिथूनच तडकते. आधी पाणी काढा, मग पाचर.

४०२: टाकी बसवली तेव्हा मोबाईलवर लेव्हल बघितली होती, शून्य होती.

१०४ ताई: मोबाईलच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो दादा, त्यावर भरवसा नको. तुमच्याकडे पाणी आहे, तीच उत्तम पाणसळ (लेव्हल तपासायचं साधन). फिल्टर बंद करा, पाणी शांत होऊ द्या आणि चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजा. मिलिमीटरमध्ये.

४०२: पुढचा डावा ४१, पुढचा उजवा ४७, मागचा डावा ४२, मागचा उजवा ४५.

६०१: बघा, डावीकडे पाणी वर म्हणजे डावी बाजू उचलली गेलीय. उजवीकडे पाचर घाला.

१०४ ताई: उलट आहे. जिथे पाणी काठाच्या जवळ, ती बाजू खाली गेलेली. डावी बाजू खाली आहे.

६०१: मी तेच म्हणत होतो.

१०५: टाकीचं चालू द्या, पण माझ्या गाडीमागे पुन्हा पांढरी गाडी लावलीय. कोणाची आहे?

२०३: पाहुणे आहेत. दहा मिनिटांत काढतो.

१०५: काल संध्याकाळीही दहाच मिनिटं होती.

सेक्रेटरी: पार्किंगसाठी वेगळा ग्रुप केलाय ना?

१०५: तिथे कोणी उत्तर देत नाही म्हणून इथे लिहिलं.

१०४ ताई: ४०२ दादा, आता समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करा. पुढचा डावा आणि मागचा उजवा: ४१ + ४५ = ८६. पुढचा उजवा आणि मागचा डावा: ४७ + ४२ = ८९. टाकी नुसती कललेली असती तर दोन्ही बेरजा सारख्या आल्या असत्या. फूटपट्टीची चूक धरली तरी ३ मिमी जास्त आहे. टाकीला पीळ पडतोय.

३०२ काकू: म्हणजे फुटणार?

१०४ ताई: काकू, घाबरवायचं नाहीये, पण लपवणारही नाही. नुसत्या कलण्याने फारसं बिघडत नाही. दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो. साडेपंचावन्न सेंमी खोलीत ६ मिमीचा फरक म्हणजे तळाशी जेमतेम एक टक्का जास्त दाब. समोरच्या काचेवर तसंही जवळपास १८० किलोचा रेटा कायम असतो आणि चांगली काच तो सहज पेलते. पीळ मात्र वेगळा. काच पिळायला तयार नसते, मग सगळा ताण कोपऱ्यांच्या सिलिकॉनवर आणि तळाच्या काचेवर जातो. तो आज दिसत नाही, महिन्यांनी दिसतो.

५०१ काका: म्हणूनच सांगतोय. आधी पाणी काढा, मग पाचर.

२०३: काका, हा मेसेज पिन करून टाका, पुन्हा पुन्हा टाईप करायला नको.

५०१ काका: वाचला असता तर करावा लागला नसता.

३०२ काकू: आणि स्लॅबचं काय? ते कोणीच बोलत नाही.

१०४ ताई: पाणी ४०० किलो, काच ८५ च्या आसपास, वाळू, दगड आणि स्टँड धरून साडेपाचशे-सहाशे किलो. घराचा स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर वापराच्या भारासाठी धरतात. तो आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो. टाकी भिंतीलगत, बीमजवळ असेल तर एवढी काळजी नाही. खोलीच्या मध्यात असती तर मीच हटवायला सांगितली असती. तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. फोटोवरून मी सर्टिफिकेट देणार नाही.

४०२: टाकी बीमच्या भिंतीलाच आहे. पण पाणी काढा म्हणणं सोपं आहे. मासे कुठे ठेवू? मोठे आहेत, बादलीत मावणार नाहीत.

३०१: टाकीचंच पाणी मोठ्या टबांत घ्या, एअर पंप सोडा आणि वरून झाकण ठेवा, नाहीतर उड्या मारतात. फिल्टरमधला स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवा. नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि मग माशांची विष्ठा साफ करणारं कोणी उरत नाही.

३०२ काकू: माझ्याकडे दोन मोठे टब आहेत. घेऊन जा. साबण लावलेले नाहीत. परत हवेत.

४०२: थँक्यू काकू. रविवारी सकाळी करतो.

६०१: मी येतो मदतीला. आणि त्यापेक्षा खाली जाडसर फोम टाकला की वरखाली आपोआप भरून निघेल.

३०१: फोम वाळूच्या खड्याएवढा उंचवटा सावरण्यापुरता. पिळलेल्या स्टँडला फोम सरळ करत नाही. आणि टाकीला खाली प्लास्टिकची फ्रेम असेल तर फोम घालायचाच नाही, तिथे वजन फ्रेमवर असतं, तळाची काच अधांतरी असते.

४०२: माझी बिनफ्रेमची आहे.

३०१: मग चालेल.

(रविवार)

४०२: टाकी रिकामी करून बाजूला घेतली. कोपऱ्यांचं सिलिकॉन पाहिलं, कुठे बुडबुडे नाहीत, सुटलेलं नाही. स्टँडवर दोन कर्णांवर दोरे ताणले, मधोमध एकमेकांना नुसते टेकायला हवेत. वरच्या दोऱ्यात फट दिसतेय.

५०१ काका: पुढच्या डाव्या पायाखालची टाईल वाजवून बघा.

४०२: बद्द वाजतेय काका. बाजूच्या खणखणीत आहेत.

५०१ काका: पोकळ आहे. खाली माल बसलेला नाही. चार पायांवर सहाशे किलो म्हणजे एका पायावर दीडशे, तेही तळहाताएवढ्या जागेत. बाकीचा उतार फरशीचाच, बाल्कनीकडे थोडा देतातच. टाईल बदलून घ्या, आणि डाव्या दोन्ही पायांखाली सलग लोखंडी पट्टी टाका. पाचर पट्टी आणि पाय यांच्या मध्ये.

१०४ ताई: पाणसळ लावताना एकदा वाचून ती उलट फिरवून परत वाचा. दोन वाचनं वेगळी आली तर पाणसळच चुकीची.

१०५: रविवार आहे, पांढरी गाडी पुन्हा तिथेच आहे. फक्त कळवलं.

सेक्रेटरी: २०३, कृपया.

(काही दिवसांनी)

४०२: टाईल बसवून झाली, पक्की सुकू दिली. आता पट्टी, पाचर, दोरे जुळले. पाव टाकी भरून मोजलं, मग अर्धी, मग पूर्ण. आता ४४, ४५, ४४, ४५. त्याच क्रमाने, पुढचा डावा आधी.

१०४ ताई: ८९ आणि ८९. पीळ गेला. उजवी बाजू एक मिमी वर आहे, ती राहू दे. स्टँडचा प्लाय पाण्याने फुगतो, वजनाने दबतो, त्यामुळे पुढचे काही आठवडे अधूनमधून मोजा.

३०२ काकू: चांगलं झालं. वेळेत केलंत. मोजमापं ग्रुपवरच टाका, मला वेगळी पाठवू नका. आणि टब संध्याकाळी मी घरी आहे तेव्हा आणून द्या.

४०२: हो काकू. सातला आणतो.