‘सॉरी’ खरं की वरवरचं?

मुलांच्या लेखी ‘सॉरी’ हा नुसता तोंडी लावायचा शब्द झालाय, असं कुणी कुणी म्हणतं. मला उलट वाटतं. शब्द स्वस्त झाला म्हणूनच मुलं तो फार बारकाईने तपासून घेतात.

आमच्या सांगलीतलंच सांगतो. लेक नववीत. मैत्रिणीने हिच्या खासगी चॅटचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर टाकला. रात्री मेसेज आला, ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी गं’, वर हात जोडलेला इमोजी. मी म्हटलं, झालं ना, सोडून दे आता. तर म्हणाली, "बाबा, ‘असेल तर’ म्हणजे काय? आणि टाकलं सगळ्यांसमोर, सॉरी मात्र एकटीला!" मी गप्प.

अमेरिकेत रॉय लेविकी या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा घटक तपासले होते (मोठ्या माणसांवर, शाळकरी मुलांवर नव्हे). सगळ्यात जास्त वजन ‘चूक माझी’ या कबुलीला, त्याखालोखाल झालेलं निस्तरायच्या तयारीला. ‘मला माफ कर’ ही विनवणी शेवटी! आमच्या पोरीने न वाचताच हेच माप लावलं होतं.

चार दिवसांनी त्या मुलीने ग्रुपवरच लिहिलं, ‘मी ते टाकायला नको होतं.’ दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर दोघी विश्रामबागला भेळ खाताना दिसल्या. पण मनातलं काही असलं तर लेक तिला अजून लिहून पाठवत नाही, भेटल्यावरच बोलते.