ठरलेला दिवस दर वेळी माझाच रद्द होतो : पॉलिअ‍ॅमरीत असलेल्यांचा सल्ला हवा आहे

असं, म्हणजे सगळ्यांच्या संमतीने एकाच वेळी एकापेक्षा जास्त जोडीदारांशी, नातं असावं की नसावं, ही चर्चा कृपया इथे नको. आम्ही सगळे सज्ञान आहोत आणि कुणापासून काही लपवलेलं नाही. प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहिलं तर खूप मदत होईल.

मी एकटी राहते. माझा जोडीदार विवाहित आहे, त्यांना एक लहान मुलगा आहे. त्याची बायको आणि मी मैत्रिणी नाही, पण समोरासमोर बसून मोकळं बोलू शकतो. आठवड्यातले दोन दिवस आमचे. तिघांच्या फोनवर एकच कॅलेंडर आहे : कोण कधी कुठे, मुलापाशी कोण, सगळं त्यात असतं. बराच काळ हे फार छान चाललं.

आता तिच्या आयुष्यात नवीन माणूस आला आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट ती खुलली आहे हे दिसतं आणि बरं वाटतं. पण त्यांचे बेत आयत्या वेळी ठरतात. मग मुलापाशी थांबणार कोण? तो. आणि तो थांबला की माझा दिवस जातो. संध्याकाळी मेसेज येतो, 'आज नाही जमणार गं, सॉरी.' पुढे कधी भेटायचं, हे मीच विचारायचं.

मुलगा आजारी असेल तर मीच सांगेन की घरी थांब. तसं झालंही आहे आणि तेव्हा मनात काही आलं नाही. पण तिचा बेत ठरताना 'आज माझं तिच्याकडे जायचं ठरलंय' एवढं तरी तो म्हणतो का? मला माहीत नाही, आणि तेच लागतं. मध्यंतरी तो स्वतः तापाने पडला होता तेही मला उशिरा कळलं, कारण मला कुणी कळवायचं हे ठरलेलंच नव्हतं.

आणखी एक. त्या नवीन माणसाला मी भेटलेली नाही. लैंगिक संसर्गाच्या तपासण्या, काळजी याबद्दल मी विचारू शकते का? आणि हे सगळं बोलायचं कुणाशी, त्याच्याशी की थेट तिच्याशी?

पाऊलवाट :
मी तुमच्या जोडीदाराच्या जागी आहे, दोन नात्यांच्या मधोमध, म्हणून स्पष्ट लिहितो. बोलायचं त्याच्याशीच. तुमचा दिवस तिने रद्द केलेला नाही, त्याने केलाय. तिने विचारलं आणि तो हो म्हणाला. मधल्या माणसाला 'घरून निरोप आला' म्हणणं फार सोपं जातं, मग दोन्हीकडच्यांना वाटतं की समोरची आडवी येतेय, आणि तो नामानिराळा राहतो.

आमच्याकडे ठरलंय ते असं : जो दिवस मोडेल त्याने त्याच मेसेजमध्ये दुसरा दिवस द्यायचा. 'बघू' चालत नाही. तातडीचं कशाला म्हणायचं हेही आधी बोलून घेतलंय. आजारपण, मुलाचं काही, घरात कुणाचं बरंवाईट. नवीन माणसाची भेट त्यात बसत नाही, ती कॅलेंडरमधल्या रिकाम्या जागीच लावायची. सुरुवातीच्या दिवसांत माणूस भारावलेला असतो, त्याला नियम काचतात हे खरं. पण म्हणूनच ते लागतात. मुलाला सांभाळायला तिसरं कुणी मिळतंय का, हे त्या दोघांनी बघायचं आहे. तो भार तुमच्या दिवसांवर का?

सांजवेळ :
आरोग्यक्षेत्रात काम करते म्हणून तेवढ्यापुरतं. हो, विचारू शकता, विचारायलाच हवं. त्या माणसाचं नाव-गाव, आधीची नाती याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. तपासण्या कधी झाल्या, कशाच्या झाल्या आणि कंडोम वापरतात का, एवढं तुमच्या जोडीदाराने तुम्हाला सांगायलाच हवं, कारण साखळी तुमच्यापर्यंत येते.

काल संबंध आला आणि आज तपासणी केली तर तिचा उपयोग नाही. एचआयव्हीची प्रयोगशाळेत होणारी अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांनंतर संसर्ग दाखवते. क्लॅमिडियासारख्या संसर्गात अनेकांना काहीच लक्षणं नसतात, त्यामुळे 'मला काही त्रास नाही' हे उत्तर धरू नका. कंडोमने धोका पुष्कळ कमी होतो, पण हर्पिस आणि एचपीव्ही हे विषाणू त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात. हेपटायटिस बी आणि एचपीव्हीवर लस आहे, राहिली असेल तर डॉक्टरांशी बोला. आम्ही चौघं ठरावीक काळाने तपासण्या करतो आणि नवीन कुणी आलं की पुन्हा. सगळ्यांना लागू असल्यामुळे कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही.

दूरदेशी :
पाऊलवाट यांच्याशी बरंचसं सहमत, पण आजारपणाचं मी थेट तिच्याशीच बोलेन. तो बेशुद्ध असेल तर मधला माणूस तुम्हाला कसा कळवणार? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिल शहराने २०२० मध्ये दोनपेक्षा जास्त जणांच्या सहजीवनाची नोंद मान्य केली, शेजारच्या केंब्रिजने २०२१ मध्ये. बहुतेक ठिकाणी मात्र कागदावर आपण त्या माणसाचे कुणीच नसतो. इस्पितळातून फोन येतो तो बायकोला. ती तुम्हाला फोन करेल का, हे तिला आजच, सगळं ठीक असताना विचारा. माझ्या जोडीदाराच्या नवऱ्याने माझा नंबर त्याच्या फोनमध्ये ठेवलाय आणि एकदा खरंच त्याचा फोन आला.

धागाकर्ती :
तिघांचेही मनापासून आभार. तिला विचारायचं धाडस होत नव्हतं, पण फोनचं मी या आठवड्यातच विचारते. तपासणीबद्दलही आता नीट बोलता येईल. पाऊलवाट, एक अडतंय. मी विषय काढला की तो म्हणतो, 'तू समजूतदार आहेस म्हणून तर सगळं चाललंय.' तो हे प्रेमाने म्हणतो, आणि मग मला पुढे काही बोलवत नाही.

पाऊलवाट :
तो प्रेमाने म्हणत असेल, पण तुमचा प्रश्न तसाच राहतो. भांडणाच्या सुरात नको, आणि दिवस रद्द झाला त्या संध्याकाळी तर नकोच. शांत वेळी कॅलेंडर उघडून दोघं शेजारी बसा. कोणते दिवस गेले, कशामुळे गेले, त्याबदली दुसरा दिवस मिळाला का, हे त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा, की या वेळी मुलापाशी दुसरं कुणी थांबू शकलं असतं का आणि तू तसं विचारलं होतंस का? उत्तर नाही असेल तर पुढच्या महिन्याचे तुमचे दिवस तिथेच बसून लावून घ्या, आणि ते तिला तो सांगेल, तुम्ही नाही.