प्रतिसाद : नदी सरळ केली की पूर जातो?

दादा, वर तुम्ही लिहिलंय की कृष्णेची वळणं काढून पात्र सरळ आणि खोल केलं की सांगलीचा पूरच संपेल. फ्लोरिडात किसिमी नदीचं १९६२ ते ७१ मध्ये अगदी हेच केलं होतं की, जवळपास १६५ किलोमीटरची वळणदार नदी ९० किलोमीटरचा कालवा झाली, पाणी गेलं पण काठची पाणथळ सुकली आणि पाणपक्षी गायब. मग नदी पूर्ववत कशी करायची हे बर्कले विद्यापीठातले सिव्हिल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक श्ये वेन शेन यांनी लॅबमध्ये नदीचं मॉडेल बांधून तपासलं, मधेमधे बांध घालून भागतंय का ते पण बघितलं, आणि शेवटी कालव्याचा मोठा सलग पट्टा मातीनं बुजवा म्हणाले. स्वतःच खोदलेलं बुजवायचं, विचार करा! काम २०२१ ला संपलं.

आपल्याकडं २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोका पातळी ४५. त्यात वरचा पाऊस, धरणांचा विसर्ग सगळं आहेच, पण हरिपूरच्या संगमावर वारणेचं पाणी येतं ते सरळ पात्रानं थांबणाराय का? माझं मत, आधी ओत (पुराचं पाणी पसरतं ती सखल जागा) आणि मळीच्या (नदीकाठच्या) रानातला भराव काढा, जेसीबी नंतर.