मदत हवी आहे: जानेवारीत नॉर्वे, जॅकेट-बूट कोणते? (तातडीने)

सुसाट_सातारी: जानेवारीत नॉर्वेला चाललोय, अरोरा (आकाशातला ध्रुवीय प्रकाश) बघायला. घरचे सोबत आहेत. दुकानदार म्हणतो उणे ४० चं जॅकेट घ्याच. फार महाग आहे. घ्यावं का? आणि बूट कोणते? नेमकं सांगा, शनिवारी खरेदी आहे.

ध्रुवतारा: गाव कोणतं? किनाऱ्यावरचं ट्रॉम्सो उबदार सागरी प्रवाहामुळे जानेवारीत सरासरी उणे ४ च्या आसपास असतं. आतल्या बाजूच्या कारास्योकला १८८६ मध्ये उणे ५१.४ नोंदलं गेलंय. दोन्ही नॉर्वेतच. आणि घरचे म्हणजे कोण?

सुसाट_सातारी: ट्रॉम्सो. आईबाबा. बुटांचं सांगा ना कोणीतरी.

हिमरेषा: ट्रॉम्सोत थंडीपेक्षा निसरडं वाईट. भर जानेवारीतही मधेच पाऊस पडतो, ते पाणी तुडवलेल्या बर्फावर गोठतं आणि रस्त्याची काच होते. ट्रेकिंगचे भारीतले बूटही तिथे घसरतात. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे घ्या. तिकडे त्यांना ब्रोद्दर म्हणतात, तिथेच सहज मिळतात. दुकानात शिरताना काढायचे, गुळगुळीत फरशीवर ते उलट सटकतात. आईबाबांसाठी हे जॅकेटच्याही आधी.
बूट जलरोधक, घोट्याच्या वर येणारे, नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. आत लोकरीचा एकच जाड मोजा. दोन मोजे कोंबले की रक्तपुरवठा दबतो आणि बोटं जास्त गार पडतात.

काटकसर: जॅकेट घेऊच नका! अरोरा सहलीवाले बरेचदा अंगभर ओव्हरऑल आणि बूट देतात. बुकिंग करताना वाचून घ्या.

ध्रुवतारा: ते त्या रात्रीपुरतं, दिवसा गावात काय घालणार? शिवाय किनाऱ्यावर ढग असले की सहलीच्या गाड्या शिबोतन गावावरून फिनलंडच्या हद्दीकडे जातात. तिथे उणे २० सहज असतं, आणि आकाशाकडे बघत तासन् तास नुसतं उभं राहायचं. म्हणून थर हवेत: अंगालगत मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जॅकेट), मग पिसांचं हलकं जॅकेट आणि सर्वांत बाहेर वारा-पाणी अडवणारं ढगळ जॅकेट. नुसती पिसं ओल्या बर्फात भिजली की चपटी होतात, ऊब जाते. सुती बनियन अजिबात नको, घाम धरून ठेवतं. चारही थर असतील तर उणे ४० चं जॅकेट लागत नाही.

खमंग_भाजणी: थालीपिठाची भाजणी, मेतकूट खुशाल न्या. तूप, खवा नको. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत.

रात्रप्रकाश: ट्रायपॉड विसरू नका. कॅमेऱ्याचं सेटिंग: भिंगाचं तोंड एफ २.८, प्रकाश-संवेदनशीलता (आयएसओ) १६००, शटर ६ ते १० सेकंद उघडं. आत येण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि खोलीइतका गरम झाल्यावरच उघडा. नाहीतर भिंगावर दव धरतं.

सुसाट_सातारी: कॅमेरा नाहीये हो, फोन आहे. बाबांचं इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकलं तर चालेल ना? थंडच राहील.

हिमरेषा: नाही! हे आधी सांगायला हवं होतं. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी फेकूनच द्यायचं. विमानात हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. बाहेर फिरताना आतल्या थराच्या खिशात, पण त्याच खिशात हात शेकायची पुडी नको, उष्णतेनेही ते बिघडतं. ग्लुकोमीटरही आतच ठेवा, फार गार झाला की एरर दाखवतो.
बाबांच्या पायांना मुंग्या येतात का?

सुसाट_सातारी: हो, तळवे बधिर असतात. त्याचा काय संबंध?

हिमरेषा: बोटं गोठत आली तरी त्यांना कळणार नाही. दर अर्ध्या तासाने गाडीत बसवा, रोज रात्री तळवे आणि बोटांमधल्या फटी तुम्ही स्वतः बघा. बोट पांढरं, टणक दिसलं तर चोळू नका, हीटरजवळ धरू नका, सरळ डॉक्टर गाठा. बुटात शेकायच्या पुड्याही नकोत, चटका बसलेला समजणार नाही.

ध्रुवतारा: आणि शनिवारी बाबांना दुकानात सोबत न्या, तेही संध्याकाळी. दिवसभराने पाय जरा सुजलेले असतात. जाड मोजा घालून माप घ्या.