बायॉप्सीशिवाय डोळ्यातला मेलॅनोमा ठरवतात का?

सई
नमस्कार. आईच्या उजव्या डोळ्यापुढे कडेला सावली यायची. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेलो, तर बाहुली मोठी करून तपासल्यावर कोरॉइडमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात, गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. उंची ५ मिमी, पडद्याखाली पाणीही आहे. तुकडा न काढताच एवढी खात्री कशी? आणि प्लाकने (किरणोत्सारी चकतीने) डोळा वाचेल असं ते सांगत असताना आई म्हणते, "डोळाच काढा, म्हणजे मुळासकट जाईल." तिची समजूत कशी घालू?

नेत्रसोनो
मी डोळ्यांची सोनोग्राफी करते. साधा तीळ डोळ्यातही असतो. पण जाडी २ मिमीच्या वर, खाली पाणी, वर नारिंगी डाग, नजरेत फरक, असं एकत्र आलं की संशय बळावतो. मेलॅनोमा सोनोग्राफीत आतून काळसर, पोकळ दिसतो. अनुभवी डॉक्टरांचं निदान ९९ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ठरलेलं आहे, म्हणून निदानासाठी बायॉप्सी सहसा लागत नाही. तरी मन मानत नसेल तर ऑक्युलर ऑन्कोलॉजिस्टचं (डोळ्यांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञांचं) दुसरं मत जरूर घ्या.

अनंत_व
सईताई, मला प्लाक लावला होता. किरणोत्सारी चकती डोळ्याच्या बाहेरून, गाठीच्या बरोबर मागे शिवतात आणि काही दिवसांनी काढतात. आईंना एवढं नक्की सांगा: अमेरिकेत मध्यम आकाराच्या गाठींच्या १,३१७ रुग्णांवर अभ्यास झाला, निम्म्यांना प्लाक, निम्म्यांचा डोळा काढला. बारा वर्षांनंतरही जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. डोळा काढल्याने आयुष्य वाढत नाही. मात्र डोळा राहिला तरी नजर राहीलच असं नाही. किरणांनी पडदा खराब होऊन माझी त्या डोळ्याची नजर हळूहळू बरीच गेली, इंजेक्शनंही घ्यावी लागली. हे आधीच माहीत असलेलं बरं.

नेत्रसोनो
यकृताचं राहिलं. हा आजार रक्तातून पसरतो, आणि सर्वात जास्त यकृतात. उपचाराआधी यकृताची तपासणी करा, नंतरही ठरावीक काळाने करत राहा, डोळा ठीक वाटला तरी. प्लाक लावताना सुईने पेशी घेऊन तिसरं गुणसूत्र तपासता येतं. त्यावरून पसरण्याचा धोका कळतो. तशी सोय आहे का, विचारा.

सई
आईला सगळं वाचून दाखवलं. प्लाकला तयार झाली! विचारतेय, शिवताना पूर्ण भूल देतात का?

अनंत_व
मला पूर्ण दिली होती. काही ठिकाणी फक्त डोळा बधिर करतात. मावशींना बीपी, शुगर असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.