मदत हवी आहे: फाउंड्री (टेबलटॉप खेळ ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर) घरून होस्ट करतोय, बाहेरचे प्लेयर्स जोडले जात नाहीयेत (शिवाय मराठी फॉन्टचा प्रश्न)

मंडळी, टेबलटॉप आरपीजी (पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रंगवायचे खेळ) ऑनलाइन खेळणारे इथे कोणी असतील तर प्लीज जरा सविस्तर मदत करा. प्रश्न दोन-तीन आहेत पण एकमेकांत गुंतलेत म्हणून एकाच धाग्यात टाकतोय.

आमचा ग्रुप कॉलेजपासूनचा, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पाचवी एडिशन खेळतो, पण जग आमचं स्वतःचं आहे, घाटमाथ्यापासून खाली खाडीपर्यंतचा मुलूख, त्यातले किल्ले, देवराया, बंदरं, आणि खेळणं सगळं मराठीत. पूर्वी एका टेबलाभोवती बसायचो, आता मी कोल्हापुरात, दोघं पुण्यात, धाकटा भाऊ जर्मनीत आणि आतेभाऊ रत्नागिरीजवळच्या गावात, तिथे फक्त मोबाइल डेटा. भावाचं तिकडे दिवसभर जर्मन नाहीतर इंग्रजी चालतं, पोटभर मराठी बोलायला मिळतं ते आमच्या सेशनलाच, त्यामुळे हा खेळ बंद पडू द्यायचा नाही आणि मराठीतच चालवायचा हे माझं पक्कं आहे.

रोल२० ही अशीच वेबसाइट बघितली होती, सुरुवात करायला सोपी आहे, पण तेव्हा फ्री अकाउंटला स्टोरेज १०० एमबी होतं आणि डायनॅमिक लायटिंग (पात्राला दिसेल तेवढाच मॅप उजळणं) हवं तर सबस्क्रिप्शन लागायचं. आम्हाला दर महिन्याचा खर्च नको होता म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढून फाउंड्री घेतलं, ५० डॉलर एकदाच, आणि लायसन्स फक्त जीएमला (खेळ चालवणाऱ्याला, म्हणजे मला) लागतं, बाकीचे ब्राउझरमधून येतात. दुसरं कारण म्हणजे त्यात मी माझं स्वतःचं कंपेंडियम (नियम, स्पेल्स वगैरेंचा संग्रह) भरू शकतो. २०२३ च्या जानेवारीत एसआरडी ५.१ (डी अँड डीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुलं झालं, म्हणजे श्रेय देऊन भाषांतर करायला मोकळीक आहे, तर मी स्पेल्स आणि कंडिशन्स मराठीत करून त्यात टाकतोय, बरंच काम झालंय.

आता अडचण. घरच्या वायफायवर सगळं मस्त चालतं, बायकोच्या लॅपटॉपवरून टेस्ट केलं, टोकन (पात्रांच्या सोंगट्या) हलतात, फॉग (न बघितलेला भाग झाकणारं धुकं) उघडतो. पण पुण्याहून किंवा जर्मनीतून कोणी लिंक उघडली की पान नुसतं फिरत राहतं आणि शेवटी टाइमआउट. राउटरमध्ये ३०००० नंबरचा पोर्ट फॉरवर्ड केलाय (म्हणजे बाहेरून आलेली विनंती माझ्या कॉम्प्युटरकडे जावी), विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिलीये, राउटर रीस्टार्ट वगैरे सगळं झालं. इंटरनेटवाल्याला फोन केला तर तो म्हणतो आमच्याकडून सगळं ओपन आहे.

दुसरं, मॅपवर गावांची नावं देवनागरीत लिहिलीयेत ती माझ्याकडे व्यवस्थित दिसतात पण भावाच्या लिनक्स लॅपटॉपवर नुसते चौकोन (हे त्याने स्क्रीनशॉट पाठवल्यामुळे कळलं, तो मी पाठवलेली वर्ल्डची कॉपी त्याच्या मशीनवर उघडून बघत होता). तिसरं, चॅटमध्ये रोलचं सूत्र मराठी अंकांत टाइप केलं तर फासे पडतच नाहीत, आमच्यातल्या दोघांचा कीबोर्ड कायम मराठीवर असतो. आणि आतेभावाकडे लॅपटॉप नाही, फोनच आहे, त्याचं काय करावं?

मासिक भाडं आणि इंग्रजीत खेळणं हे दोन्ही सोडून काहीही सुचवा. दिवाळीत भावाला सुट्टी आहे, तोपर्यंत चालू करायचंय.

प्रतिसाद १

पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये तुमची काही चूक दिसत नाही, हा बहुतेक सीजीनॅटचा प्रकार आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता) बघा, आणि मग ब्राउझरमध्ये स्वतःचा पब्लिक आयपी शोधा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर सीजीनॅटच, विषय संपला. आयपीव्ही४ पत्ते कमी पडतात म्हणून इंटरनेट कंपनी खूप घरांना मिळून एकच पब्लिक पत्ता देते, बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या मशीनपर्यंत येते आणि तिथेच थांबते कारण ती कोणत्या घरात पाठवायची हे त्या मशीनला माहीतच नसतं. तुम्ही तुमच्या राउटरचं दार कितीही उघडं ठेवलं तरी कोणी तिथपर्यंत पोचतच नाही. स्टॅटिक आयपी मागितला तर देतात पण त्याला बहुतेक ठिकाणी दरमहा पैसे पडतात.

धागाकर्ता

बघितलं. वॅनचा पत्ता १०० नेच सुरू होतोय आणि पब्लिक आयपी पूर्ण वेगळा. म्हणजे इतके दिवस मी राउटरशीच झटापट करत बसलो होतो! खूप आभार. आता पुढे काय, स्टॅटिक आयपी न घेता काही मार्ग?

प्रतिसाद २

आहे की. टनेल वापरा. तुमचा कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर एक जोडणी उघडून ठेवतो आणि प्लेयर्स त्या वाटेने आत येतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही आणि राउटरला हातही लावायला नको. क्लाउडफ्लेअरच्या टनेलमध्ये अकाउंट न काढताही तात्पुरती लिंक मिळते पण ती दर वेळी बदलते, कायमचा पत्ता हवा तर स्वतःचं डोमेन लागतं. टेलस्केलचं फनेल फीचर मला तुमच्यासाठी जास्त बरं वाटतं, पत्ता तोच राहतो, इन्स्टॉल फक्त तुम्ही करायचं, प्लेयर्सना नुसती लिंक. वैयक्तिक वापराला फुकट आहे. लिंक एचटीटीपीएस असते, हा मोठा फायदा, कारण साध्या एचटीटीपी पत्त्यावर ब्राउझर माइक-कॅमेरा देतच नाही. फाउंड्रीच्या ऑप्शन्स फाइलमध्ये प्रॉक्सी एसएसएल ट्रू आणि प्रॉक्सी पोर्ट ४४३ करायला विसरू नका, म्हणजे लिंक एचटीटीपीएस आहे हे फाउंड्रीला कळतं. आणि आवाजासाठी डिस्कॉर्ड (बोलायचं ॲप) ठेवा, फाउंड्रीवर तो भार कशाला.

एक लक्षात घ्या, टनेल असलं तरी मॅपची फाइल तुमच्याच घरच्या अपलोडवरून प्रत्येकाकडे जाणार. मोठाले पीएनजी असतील तर वेबपी (कमी जागा घेणारा चित्राचा प्रकार) करून घ्या, फरक खूप पडतो. सेशनच्या आधी सीनवर (एकेका मॅपच्या पानावर) राइट क्लिक करून प्रीलोड करा म्हणजे ऐन लढाईत कोणाची स्क्रीन काळी राहणार नाही. फाइलची नावं रोमन लिपीत ठेवलेली बरी, सीनचं नाव खुशाल मराठीत द्या.

प्रतिसाद ३

लाइट जाते का हो तुमच्याकडे? मी विचारतेय कारण घरून होस्ट केलं की तुमच्या घरची लाइट गेली की जर्मनीतल्याचाही खेळ बंद. ओरॅकलच्या क्लाउडला कायमस्वरूपी फ्री टियर आहे आणि मुंबई, हैदराबाद दोन्हीकडे त्यांचे सर्व्हर आहेत, फाउंड्रीची नोड जेएसवाली (सर्व्हरवर चालवायची) आवृत्ती त्यावर चालते. अकाउंट काढताना कार्ड लागतं आणि लिनक्सच्या कमांड थोड्या शिकाव्या लागतात, पण एकदा बसलं की घरच्या लाइटवर अवलंबून राहावं लागत नाही. फक्त एका लायसन्सवर एका वेळी एकच सर्व्हर लोकांसाठी चालवायचा हा नियम आहे, म्हणजे घरचं बंद करून मग तिकडचं चालू करायचं. मुंबईच्या सर्व्हरवरून जर्मनीला थोडा उशीर होईल पण आपला खेळ टर्नचा (आळीपाळीने खेळायचा), काही बिघडत नाही.

फॉन्टचं सांगते. चौकोन दिसतात म्हणजे भावाच्या मशीनवर देवनागरी फॉन्टच नाही. विंडोजवर निर्मला हा देवनागरी फॉन्ट असतो म्हणून तुम्हाला कळलं नाही. फाउंड्रीच्या कोअर सेटिंगमध्ये जादा फॉन्ट जोडायची सोय आहे, तिथे फाइल अपलोड करा आणि मॅपवरच्या मजकुराला, जर्नलला (नोंदींच्या पानांना) तोच फॉन्ट लावा, मग कोणाच्या मशीनवर काय आहे याचा प्रश्नच नाही. मुक्त हा फॉन्ट घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा आहे, खुल्या परवान्याचा, लहान आकारात पण काना-मात्रा स्वच्छ वाचता येतात. टोकनखालच्या नावांना मात्र सिस्टिमचाच फॉन्ट लागू शकतो, त्यामुळे भावाला नोटो देवनागरी इन्स्टॉल करायला सांगाच.

प्रतिसाद ४

मराठी अंक: जावास्क्रिप्टला अंक म्हणून फक्त इंग्रजी आकडे कळतात, म्हणून मराठी आकड्यांचं सूत्र फासा म्हणून ओळखलंच जात नाही. टाइपच करू नका. प्रत्येकाच्या हॉटबारवर (स्क्रीनवरच्या बटणांच्या पट्टीवर) मॅक्रो (एका क्लिकवर रोल करणारं बटण) करून द्या, आत सूत्र इंग्रजीत आणि बटणाचं नाव मराठीत, "भाल्याचा वार", "कानोसा घेणे" असं. आमच्या टेबलावर माझी आई खेळते, तिला हेच करून दिलंय आणि ती सगळ्यांत आधी रोल करून मोकळी होते.

फोनवर फाउंड्रीचा अधिकृत सपोर्ट नाही, उगाच प्रयत्नात वेळ घालवू नका. आतेभावाला डिस्कॉर्डवर स्क्रीन शेअर करून मॅप दाखवा, टोकन तुम्ही हलवा, आणि त्याचं कॅरॅक्टर शीट गूगल शीट्सवर मराठीत बनवा, ते फोनवर छान उघडतं. भरायच्या पीडीएफच्या नादी लागू नका, बऱ्याच रीडरमध्ये देवनागरीची जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या कुठेही जातात. नुसता मॅप आणि टोकन पुरत असते तर आउलबेअर रोडिओ सुचवलं असतं, पण तुमचं एवढं भाषांतराचं काम कंपेंडियममध्ये आहे तर फाउंड्री सोडू नका.

आणि कळकळीची विनंती, त्या भाषांतराचा बॅकअप घ्या. फाउंड्रीच्या व्हर्जन ११ पासून डेटाबेस लेव्हलडीबीवर गेलाय, वर्ल्ड चालू असताना फोल्डर कॉपी केलं तर डेटा खराब होऊ शकतो. आधी सर्व्हर बंद करा, मग कॉपी. यूझर डेटाचं फोल्डर वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंकमध्ये ठेवू नका. कॅम्पेन मध्यावर असताना नवीन मेजर व्हर्जनवरही जाऊ नका, मॉड्यूल्स (फाउंड्रीला जोडायचे जादा भाग) मागे राहतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टेलस्केल फनेल लावलं, पुण्याचे दोघं आणि भाऊ तिघंही आत आले, भावाकडे गावांची नावं मुक्त फॉन्टमध्ये नीट दिसली. आतेभावासाठी गूगल शीट करायला घेतोय. लाइटचा मुद्दा खरा आहे, आमच्याकडे पावसाळ्यात जाते, तेव्हा दिवाळीनंतर ओरॅकलचं बघतो, त्या वेळी कमांडसाठी याच धाग्यात विचारीन. एसआरडीचं मराठी कोणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कंडिशन्स पूर्ण आहेत, स्पेल्स तिसऱ्या लेव्हलपर्यंत झालेत, पुढच्या लेव्हलला कोणी हात लावणार असेल तर फार बरं होईल.