ऊसतोडीला जाणाऱ्या एचआयव्ही रुग्णांना नॅनोकणांचे इंजेक्शन उपयोगी पडेल का?

समुपदेशक, बीड
आमच्याकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात, त्या पट्टा पडल्यावरच, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावरच, परततात. त्यांतले काहीजण एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्यांवर आहेत. कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) आडोसा नसतो आणि रोज रात्री डबी काढली की आजार टोळीला कळेल, या धास्तीने गोळ्या चुकतात. नॅनोकणांचे इंजेक्शन दोन महिने पुरते, असे वाचले. ते कसे काम करते आणि या लोकांना चालेल का?

औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक, नांदेड
आपण म्हणता ती कॅबोटेग्रॅविर आणि रिल्पिविरिन ही जोडी असून अमेरिकेत तिला 2021 मध्ये मंजुरी मिळाली. दोन्ही औषधे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, आणि नेमका हाच दोष येथे कामी आणला आहे: त्यांचे स्फटिक दळून सुमारे 200 नॅनोमीटरचे कण करतात, ते द्रवात तरंगते ठेवून नितंबाच्या स्नायूत टोचतात आणि तेथील साठ्यातून औषध हळूहळू रक्तात उतरत राहते. कोविडच्या एमआरएनए लसींतील मेदकण आपला ऐवज पेशीच्या आत पोचवतात. येथे तसे काही नाही. विषाणूला रोखणारे औषध नेहमीसारखेच असते, फक्त त्याचा शरीरातील मुक्काम लांबतो.

वैद्यकीय अधिकारी, लातूर
हा लांबलेला मुक्कामच मला काळजीचा वाटतो. पुढचे इंजेक्शन चुकले, तर औषध कित्येक महिने अपुऱ्या प्रमाणात रक्तात रेंगाळते आणि विषाणूला त्याला दाद न देण्याची सवय लागू शकते. शिवाय ती मंजुरी गोळ्यांनी विषाणूभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आधीच दबलेल्या रुग्णांसाठी होती. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असेल, तर ही जोडी देता येत नाही. रिल्पिविरिनला 2 ते 8 अंशांची शीतसाखळी लागते, हेही आपल्याकडच्या उन्हाळ्यात लक्षात ठेवावे लागेल.

समुपदेशक, बीड
आमच्या काही रुग्णांना हिपॅटायटिस बीसुद्धा आहे. त्यांचे काय?

वैद्यकीय अधिकारी, लातूर
त्यांना केवळ या इंजेक्शनांवर ठेवणे धोक्याचे आहे. रोजच्या गोळीतील टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. ही जोडी ते काम करत नाही, त्यामुळे गोळी सुटताच यकृताचा आजार उसळू शकतो. तूर्त टोळी निघण्यापूर्वी विषाणूभार तपासून घ्यावा, प्रकृती स्थिर असलेल्यांना काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात का ते एआरटी केंद्रात विचारावे, आणि कारखान्याजवळच्या केंद्राला आधीच कळवून ठेवावे. गोळ्या साध्या, लेबल नसलेल्या डबीत देण्याची व्यवस्थाही मुकादमाच्या कानावर न घालता करता येईल.